मस्टरवर नऊ नावे

(वसई येथे कामगार-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला जे पत्र पाठवले त्यात विषय लिहिला होता, ‘जुन्या यंत्रांवरील कामाच्या आठवणी’. विषय निरुपद्रवी आहे. म्हातारा माणूस अर्धा तास इंजिनांच्या गोष्टी सांगेल, श्रोते कौतुकाने ऐकतील आणि मग चहा होईल, अशी संयोजकांची कल्पना असावी. इंजिनांच्या गोष्टी मी सांगणार आहेच. पण त्यांच्या आडून मला एक कबुलीही द्यायची आहे. ती साठ वर्षे राहून गेली आहे.

तिचे निमित्त असे घडले. मध्यंतरी नातवाने मला मुंबईत जुन्या मोटारींच्या एका मेळाव्याला नेले. चकचकीत गाड्यांच्या रांगेच्या टोकाला लष्करी हिरव्या रंगाचा, चपट्या नाकाचा एक ट्रक उभा होता. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात बनलेला शेव्हरोलेट. मी त्याच्या बॉनेटवर हात ठेवला आणि तेथेच उभा राहिलो. गाडीचा मालक तरुण होता, अदबीने बोलणारा. अशाच गाडीवर मी अकरा वर्षे काढली असे सांगताच तो हरखून गेला. त्याने माझा फोटो काढला आणि विचारले, ‘‘आजोबा, ही गाडी तेव्हा काय काम करायची?’’ मी म्हटले, ‘‘ओंडके वाहायची.’’ किती टन, कोणत्या रस्त्याने, मैलाला पेट्रोल किती, हे सारे त्याने विचारून टिपून घेतले. ओंडके गाडीत चढवीत कोण, हे त्याने विचारले नाही. मीही आपणहून सांगितले नाही. परतीच्या गाडीत मला त्याची लाज वाटू लागली, आणि म्हणून आज मी येथे उभा आहे.

मी १९५९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी कामाला लागलो. वसई रोड स्टेशनच्या बाजूला तेव्हा लाकडाच्या वखारी होत्या, त्यांपैकी एकीला जोडून करवत गिरणी होती. तिचे नाव मी घेत नाही. ती आता नाही आणि तिचे मालकही नाहीत. वडील बैलगाडीने केळी आणि भाजीपाला स्टेशनात पोहोचवीत. गिरणीच्या दाराशी त्यांची गाडी नेहमी थांबत असल्यामुळे ओळख झाली आणि मला बॉयलरवर पोऱ्या म्हणून घेतले.

त्या इंजिनाविषयी मी थोडे अधिक बोलणार आहे. वयाला तेवढी मुभा द्यावी. ते मार्शल कंपनीचे, इंग्लंडातील गेन्सबरो गावच्या कारखान्यात बनलेले, वाफेचे इंजिन होते. खाली आगगाडीच्या इंजिनासारखा आडवा बॉयलर, त्याच्या पाठीवर सिलिंडर, बाजूला माणसाच्या उंचीचे जड चाक. त्याला स्वतःची चार चाके होती, कारण मूळ कल्पना ते बैल जुंपून गावोगाव न्यावे अशी होती. आमच्याकडे आल्यावर ते कोठे गेले नाही आणि त्याची चाके वीतभर जमिनीत रुतून बसली होती. त्याला जळण विकत घ्यावे लागत नसे. करवतीखालचा भुसा आणि ढलपे हेच त्याचे खाद्य. लाकूड कापण्याचे बळ लाकडाच्याच कचऱ्यातून येई. वाफ धरायला दीड तास लागे, म्हणून मी पहाटे पाचला हजर होत असे. खाडीच्या अंगाच्या विहिरींचे पाणी मचूळ. बॉयलरच्या नळ्यांवर क्षारांची खपली धरे आणि दर पंधरवड्याने सुटीच्या दिवशी ती खरवडून काढावी लागे. ते काम अंगाने लहान असलेल्या पोऱ्याचे.

आमच्या मिस्त्रींनी मला पहिल्याच आठवड्यात भट्टीचे छप्पर दाखवले. त्यात मधोमध एक पितळी बूच आणि त्याच्या पोटात शिसे भरलेले. ते म्हणाले, पाणी कमी झाले की पोलाद तापून फाटायच्या आधी हे शिसे वितळते, वाफ खाली भट्टीत येते आणि आग मारते. इंजिन बंद पडते, पण आपण जिवंत राहतो. मग त्यांनी मला जे सांगितले ते मी पुढे शेकडो पोरांना सांगितले आहे: यंत्र हाती आले की ते बनवणाऱ्याने कोणती जागा मुद्दाम कमजोर ठेवली आहे ती आधी शोध आणि तिला हात लावू नकोस.

त्या बुचाकडे पाहायला सरकारी माणूस येई. १९२३ चा बॉयलर कायदा होता आणि बॉयलर निरीक्षकाचा दाखला असल्याशिवाय वाफ धरता येत नसे. निरीक्षक येणार त्या दिवशी गिरणी झाडून लख्ख होई. गंमत अशी की बॉयलरपासून पंधरा पावलांवर चार फुटी गोल पाते उघडे फिरत होते आणि त्याच्याकडे पाहायला मात्र कोणी येत नव्हते.

असे का, याचे उत्तर मला पुढे गिरणीच्या कारकुनाने दिले. १९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्रांचे धोक्याचे भाग घट्ट कुंपणात ठेवणे मालकावर बंधनकारक केले होते. कलम २१ मी नंतर पाठ केले. पण हा कायदा लागू व्हायला आधी ती जागा ‘कारखाना’ ठरावी लागे आणि विजेवर किंवा इंजिनावर चालणारी जागा कारखाना ठरायला दहा कामगार लागत. आमच्याकडे बावीस माणसे होती. मस्टरवर नऊ नावे होती. उरलेले तेरा जण कागदोपत्री हमाल होते, पाहुणे होते, कोणीच नव्हते. मी स्वतः पहिली चार वर्षे त्या तेरांत होतो.

सागवानाबद्दल लोक समजतात की ते कापायला मऊ. ते तसे आहेही. पण त्याच्या गाभ्यात वाळूच्या जातीचा एक कण असतो, तो पात्याचे दात खातो. दोन-तीन तासांनी पाते उतरवून कानशीने दात लावावे लागत. धार गेली की कापणारा हाताने अधिक रेटतो, आणि बोटे जातात ती तेव्हा. माझ्या डोळ्यांदेखत चार वर्षांत तीन माणसांची बोटे गेली. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा आपल्यापैकी ज्यांनी हाताळला आहे त्यांना त्याचे परिशिष्ट ठाऊक असेल. अख्खा अंगठा गेला तर कमाईची शक्ती तीस टक्के गेली असे धरायचे. तर्जनी चौदा, मधले बोट बारा, करंगळी सात. मी हे वाचले तेव्हा मला राग आला नाही, उलट बरे वाटले. निदान कोठे तरी आमच्या बोटांचा भाव छापलेला होता. आमच्या गिरणीत तो कोणालाच मिळाला नाही, ही गोष्ट वेगळी.

१९६३ मध्ये मला गाडीवर बढती मिळाली. युद्ध संपल्यावर लष्कराने टाकून दिलेली वाहने आपल्याकडे लिलावात निघाली होती. त्यांना सरसकट ‘डिस्पोजलची गाडी’ म्हणत. १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीझचे डिझेल ट्रक बनू लागले होते आणि पक्क्या सडकेवर त्यांच्याशी कोणाची बरोबरी नव्हती. पण जंगलाच्या चाकोरीत, जेथे सडक म्हणजे बैलगाडीने पाडलेल्या दोन घळी, तेथे डिस्पोजलचा ट्रकच चाले, कारण त्याची पुढची चाकेही ओढीत. त्याचे नाक इतके आखूड की इंजिनाचा निम्मा भाग ड्रायव्हरच्या मांडीशेजारी केबिनमध्येच. उन्हाळ्यात डाव्या पायाची कातडी भाजून निघे. पेट्रोल तर असे प्यायचा की मालक प्रत्येक खेपेला रडे. आणि पुढच्या बंपरमागे वायररोपचा रीळ होता, त्याला आम्ही विंच म्हणत असू. त्या विंचकडे मी परत येणार आहे.

आमची खेप अशी असे. जव्हारच्या अंगाला वनखात्याचे कूप तुटत. लिलावात घेतलेला माल तेथून मनोर, मनोरहून पालघर स्टेशन, तेथे वॅगन, आणि वॅगन वसईला. म्हणजे यंत्रे दोन टोकांना होती, गिरणीत आणि गाडीत. कुपात स्वतः यंत्र नव्हतेच. झाड कुऱ्हाडीने आणि दोघांच्या करवतीने पडे, बैल ते चाकोरीपर्यंत ओढीत आणि ओंडका गाडीत चढे तो दोन तिरक्या वाशांवरून, वारली, कोकणा आणि कातकरी माणसांच्या खांद्यांनी व पहारींनी. अनवाणी पायांनी.

असे का असावे, याचा विचार मी फार उशिरा, रात्रशाळेत वाचायला लागल्यावर केला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जॉन डॉल्बीर नावाच्या माणसाने १८८१-८२ मध्ये ओंडके ओढणारे वाफेचे इंजिन बनवले. तिकडचे मजूर त्याला गाढव म्हणत, आणि तेच नाव पुढे पुस्तकांत शिरले. चाळीस वर्षांत त्या किनाऱ्यावरची जंगले यंत्रांनी भरून गेली. १९१७ च्या उन्हाळ्यात तेथील लाकूडतोड्यांनी मोठा संप केला आणि १९१८ च्या मार्चपासून आठ तासांचा दिवस मिळवला. यंत्रे तिकडे आली ती केवळ अक्कल जास्त म्हणून नव्हेत. तेथे माणूस महाग होता. आमच्याकडे आलापल्लीच्या जंगलात वनखात्याने हत्ती पाळले, कारण तेथले ओंडके माणसांना हलतच नसत. ठाणे जिल्ह्यात हत्तीचीही गरज पडली नाही. हत्तीला चारा घालावा लागतो.

आता हिशोबाची एक गोष्ट सांगतो. ती ऐकताना कंटाळू नका, कारण त्यात मजुरी आहे. गोल ओंडक्याचे माप घेण्याची जी रीत लाकूड-बाजारात चाले ती इंग्रजांची. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रजाने १७३६ साली तिची कोष्टके छापली. ओंडक्याचा मध्यावरचा घेर घ्यायचा, त्याची चौथाई करायची, तिचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. समजा घेर चार फूट आणि लांबी सोळा फूट. चौथाई एक फूट, वर्ग एक, म्हणजे माल सोळा घनफूट. आता शाळेतल्या वर्तुळाच्या सूत्राने काढा. खरा माल वीस घनफुटांच्या थोडा वरच भरतो. ओंडका चौकोनी तासताना जे वाया जाते त्याची ही सूट, असे व्यापारी सांगतात, आणि विकणाऱ्या-घेणाऱ्यांच्या आपसांतल्या व्यवहारात ते ठीकच आहे. पण आमच्याकडे गाडीभरणीची मजुरीही याच मापाने दिली जाई. शंभरातले एकवीस भाग लाकूड हिशोबात नव्हते. ते खांद्यावर होते. ओला सागवान घनफुटाला पंचवीस किलोच्या आतबाहेर भरतो. तेव्हा त्या एका ओंडक्यात शंभर-एकशेदहा किलो वजन फुकट चढवले जाई. मी हे गणित पहिल्यांदा मांडले ते सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर, आणि मांडून खिशात ठेवून दिले. कोणाला सांगायचे? मुकादमाला?

येथे इतिहासाचा थोडा भाग सांगणे अवश्य आहे, कारण तरुण मंडळींना असे वाटते की आदिवासी सोसत राहिले आणि आपण शहरातून जाऊन त्यांना जागे केले. आमच्या गाडीवर भरणी करणाऱ्या टोळीत दोन म्हातारे होते. त्यांनी १९४५-४६ चा लढा अंगावर घेतलेला होता. वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडण्यासाठी वारली उठले, किसान सभेने त्यांना संघटित केले. गोदावरीबाई आणि शामराव परुळेकर त्यांत होते. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोळीबार होऊन पाच आदिवासी मारले गेले. पुढच्या वर्षी प्रश्न मजुरीचा आला. जंगलकामाला दिवसाला सवा रुपया आणि पाचशे रत्तल गवत कापायला अडीच रुपये, अशी मागणी होती. कामे बंद पडली आणि ठेकेदारांना वाकावे लागले. लढा लाल बावट्याचा होता. आपले आणि त्यांचे मतभेद जगजाहीर आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण कुऱ्हाड खाली ठेवली की सारा लाकूड-बाजार थांबतो, हे या जिल्ह्यात प्रथम त्यांनी दाखवून दिले, हे आपण मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या सरकारने जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या काढायला सुरुवात केली. सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याच्या अहवालात, १९३९ मध्येच, तशी सूचना होती. ठेकेदाराऐवजी कूप सोसायटीला मिळू लागले. काही सोसायट्या चांगल्या चालल्या, काहींत जुना ठेकेदारच टोपी बदलून येऊन बसला. त्याच्या तपशिलात मी जात नाही. माझ्या विषयापुरते इतकेच की लिलावात माल व्यापाऱ्याने उचलल्यावर पुढची भरणी आणि वाहतूक त्याची, आणि तेथे सोसायटी नव्हती, मस्टर नव्हते, म्हातारे सांगत त्या सवा रुपयाची आठवण तेवढी होती.

आता विंचकडे येतो.

विंचचा रीळ इंजिनाच्या बळावर फिरतो. इंजिन आणि रीळ यांना जोडणाऱ्या दांड्यात एक पिन असते, तिला शिअर पिन म्हणतात. ती मुद्दाम मऊ लोखंडाची करतात. ओढ रोपाला सोसेनाशी होण्याच्या बेताला आली की ही पिन तुटते, रीळ थांबतो, रोप शाबूत राहतो. बोटाएवढा तुकडा. मिस्त्रींनी बॉयलरच्या बुचाविषयी जे सांगितले होते तेच येथे होते, फक्त शिशाऐवजी लोखंड.

१९६६ च्या मे महिन्यात आम्ही पावसाच्या आधी कूप रिकामे करण्याच्या घाईत होतो. नाल्यात अडकलेले मोठे ओंडके विंचने ओढून काढायचे काम होते आणि पिन दिवसातून तीन-चारदा तुटे. तुटली की रोप सैल करा, दांडा जुळवा, नवी पिन ठोका. अर्धा तास जाई. मुकादम ओरडे, मालकाचा निरोप येई. तिसऱ्या दिवशी मी एका निकामी इंजिनाचा हेडबोल्ट कापला आणि त्याची पिन करून घातली. मला कोणी तसा हुकूम दिला नव्हता. ‘‘काहीतरी कर’’ एवढेच म्हटले होते, आणि काहीतरी म्हणजे काय हे सांगणारा आणि ऐकणारा दोघेही समजून होते. मला माझ्या कारागिरीचा अभिमान वाटला, हेही सांगून टाकतो. तो दिवसभर पिन तुटली नाही. सगळे खूश होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओंडका एका खडकाला अडला. इंजिन ओढत राहिले. पिन टिकली आणि रोप तुटला. ताणलेला वायररोप तुटतो तेव्हा तो पडत नाही, तो चाबकासारखा परत येतो. भरणीच्या टोळीतला एक वारली तरुण, साधारण माझ्याच वयाचा, पहार घेऊन बाजूला उभा होता. रोपाने त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली तोडला. आम्ही त्याला त्याच गाडीतून, ओंडक्यांच्या जागी निजवून खाली आणले. तो वाचला. पाय गेला.

सात-आठ दिवसांनी मला गादीवर बोलावले. कारकुनाने एक कागद लिहून ठेवला होता. रोप जीर्ण झालेला होता. सदर इसम मनाई असताना रोपाजवळ उभा होता. सदर इसम आमच्या नोकरीत नव्हता. पिनेचा उल्लेख नव्हता, कारण पिनेची माहिती गादीवर कोणाला नव्हती. ती मला होती. मी वाचले आणि सही केली. माझ्या समोरच माझे नाव मस्टरवर चढले. त्या दिवशी मी नऊ जणांपैकी एक झालो, कारण एक जण गावी निघून गेला होता. त्या तरुणाच्या घरच्यांना दोनशे रुपये मिळाल्याचे मी ऐकले. खटला झाला नाही. तो करायला लागते ती सही कागदाच्या दुसऱ्या बाजूला होती.

माझा हात कोणी धरला नव्हता. मी चोवीस वर्षांचाही नव्हतो, घरी खाणारी सहा तोंडे होती, ही कारणे खरी आहेत. ज्याचा पाय गेला त्याच्या घरीही तोंडे होतीच.

ती पिन मी त्याच रात्री काढली आणि मऊ पिन घातली. कोणी विचारले नाही.

१९७४ मध्ये मी गाडी सोडली, वसई पूर्वेला एका लहान वर्कशॉपमध्ये लेथवर लागलो आणि तेथून युनियनच्या कामात आलो. पुष्कळांना वाटते की मी पुस्तके वाचून समाजवादी झालो. १९७९ साली विक्रमगडच्या बाजारात तो मला दिसला. कुबडी बगलेत धरून मोहाची फुले विकत बसला होता. त्यानेच मला आधी ओळखले आणि ‘मेस्तरी’ अशी हाक मारली. मुले किती, पाऊस कसा, असे बोलणे झाले. गाडी अजून चालते का, असे त्याने अगत्याने विचारले, जणू एखाद्या जुन्या बैलाची चौकशी करावी. अपघाताविषयी तो एवढेच म्हणाला की रोप जुना होता. तसे त्याला सांगण्यात आले होते. मी मान हलवली. पुढे काही वर्षांनी तो गेल्याचे समजले.

त्या दिवशी बाजारात मी खरे सांगितले असते तर त्याला पाय मिळाला नसता, आणि मुदत उलटून गेल्यामुळे कदाचित पैसाही मिळाला नसता. पण तो मनाई असताना रोपाजवळ उभा राहिला होता, हे खोटे त्याच्या माथ्यावरून निघाले असते.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल की ही सारी जुनी गोष्ट झाली. एका अर्थी झाली आहेच. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जंगलतोडीला आणि विनापरवाना करवत गिरण्यांना देशभर चाप बसला. आज आपल्या भागात घर बांधताना जे सागवान लागते त्यातले बरेचसे बोटीने परदेशातून कांडल्याला येते. मार्शलचे इंजिन भंगारात गेले. मी ते तोडताना पाहिले नाही, मुद्दाम गेलो नाही. जंगलाच्या जमिनीवरचा हक्क मागायला २००६ चा कायदा आला, त्याची अंमलबजावणी या जिल्ह्यात कशी चालली आहे हे सांगणारे साथी दुपारच्या सत्रात आहेत.

पण नऊ नावांचे मस्टर भंगारात गेले नाही. गोखिवरे, वालीव, सातिवली, पेल्हार या पट्ट्यात गाळ्यांच्या ओळी तुम्ही रोज पाहता. आत पॉवर प्रेस आहेत, प्लॅस्टिकची मोल्डिंग यंत्रे आहेत, फर्निचरच्या गाळ्यांत गोल करवतीही आहेत. माणसे बहुतेक उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेली, गाळ्याच्या पोटमाळ्यावरच झोपणारी. १९४८ च्या कायद्याने इंजिनावर वा विजेवर चालणाऱ्या जागेसाठी दहाची रेघ आखली होती. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ‘कारखाना’ ठरण्यासाठी ती रेघ वीसवर नेली आहे. विजेशिवाय चालणाऱ्या जागेसाठी वीसची चाळीस. संहितेची काही कलमे दहा कामगारांच्या आस्थापनांनाही लागतात, हे मला माहीत आहे, आणि वकील मंडळी ते मला लगेच सांगतील. लहान उद्योगाला कागदपत्रांचा जाच कमी व्हावा, हा त्यामागचा युक्तिवादही मी वाचला आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. मी लहान वर्कशॉपमध्येच आयुष्य काढले आहे आणि मालकही कर्जात बुडालेले पाहिले आहेत. पण पिन वारंवार तुटते म्हणून काम अडते, हाही युक्तिवाद खराच होता. आमच्या नाल्यात अर्धा तास खरोखरच जात होता.

त्या तरुण गाडीमालकाला मी नंतर फोन केला. त्याच्या विंचमध्ये कोणती पिन आहे ते त्याला ठाऊक नव्हते. मी त्याला कानस लावून पाहायला सांगितले. कानस घसरली, म्हणजे पिन कडक होती. कोणी तरी, कधी तरी, माझ्यासारख्याच हुशारीने घातलेली. मी ओळखीच्या लेथवर बसून मऊ लोखंडाच्या सहा पिना काढल्या आणि त्याला पाठवल्या. तो मेळाव्यात विंच चालवून दाखवतो आणि लोक जवळ उभे राहून पाहतात.

आता कामाचे बोलू. मस्टर आपल्याला कोणी दाखवणार नाही. पण पाळी सुटताना गल्लीच्या तोंडाशी उभे राहून माणसे मोजायला कोणाची परवानगी लागत नाही. सकाळी आठ आणि रात्री आठ, दोन आठवडे, प्रत्येक गाळ्याचा क्रमांक आणि बाहेर पडलेली व आत गेलेली डोकी, एवढेच वहीत लिहायचे. ज्याच्या हाताला पट्टी असेल त्याची वेगळी खूण करायची आणि चहाच्या टपरीवर त्याच्याशी बोलायचे, हिंदीत किंवा त्याच्या भोजपुरीत, जे येत असेल त्यात. वह्या संयोजकांकडे आहेत. सातिवलीची ओळ मला द्या. ती माझ्या घराजवळ आहे, आणि पहाटे पाचला उठायची सवय मला १९५९ पासून आहे.